तीन बोटं मावतात का?



या सदरात आजवर कंबर झाली, गुडघे झाले, टाचा झाल्या, जबडा मात्र राहूनच गेला. आपल्याला तो आठवतो कधी? एक तर कुणी फार बोलायला लागलं की, नाहीतर दाढ ठणकली की. पण गेल्या महिन्यात एकापाठोपाठ दोन पत्रं आली आणि दोन्ही जबड्याचीच निघाली, म्हणून आज तोच विषय.

पहिलं पत्र उदगीरकडच्या एका मैत्रिणीचं. वय बत्तीस. त्या लिहितात, "घास चावताना उजव्या कानाजवळ कट्कट् वाजतं. सकाळी उठलं की गाल आखडल्यासारखे होतात. कानाच्या डॉक्टरांनी कान चांगला आहे म्हणून सांगितलं. सासूबाई म्हणतात, कानात तेल घाल." दुसरं पत्र लोहा तालुक्यातल्या एका आईचं. त्यांची भाषा जशी आहे तशीच देते, कारण त्यात सगळं आलंय. "बाई, लेकराला तिखट चालंना झालंय. भाकरी खाईना, नुसतं दूध-पोळी कुस्करून खायलाय. तोंड पुरतं उघडना. जबडा धरलाय म्हणून चार महिने तेल लावून शेकायलोय, पण फरक पडना." मुलगा सतरा वर्षांचा, बारावीच्या क्लाससाठी लातूरला खोली घेऊन राहतो.

वरवर पाहिलं तर दोन्ही दुखणी एकच वाटतील. तशी ती नाहीत. एकीचं दुखणं सांध्याचं आणि स्नायूंचं आहे. दुसऱ्याचा सांधा बहुधा अगदी ठणठणीत असावा. हा फरक कळायचा तर आधी घास चावला जातो कसा ते थोडं समजून घ्यावं लागेल. मी बी.ए. झालेली, शाळेत अर्धवेळ शिकवणारी बाई आहे, डॉक्टर नाही. पण काही गोष्टी अशा आहेत की त्या आपल्याच बोटांना कळतात.

हातातलं काम जरा बाजूला ठेवा. दोन्ही हातांची पहिली बोटं कानाच्या भोकाच्या अगदी पुढे, गालावर टेकवा आणि सावकाश तोंड उघडा. बोटाखाली एक गोटी पुढे सरकते आणि मागे खळगा पडतो, जाणवलं का? तोंड मिटलं की ती गोटी परत जागेवर. तोच जबड्याचा सांधा. आमच्या सहावीच्या वर्गात ऑफ तासाला मी हे करायला लावलं, तर सगळी पोरं दहा मिनिटं आ वासून बसली होती. इतकी शांतता त्या वर्गात पुन्हा झाली नाही.

डोक्याच्या कवटीत हलणारं मोठं हाड हे एकच, खालच्या जबड्याचं. (कानाच्या आत तीन इवलीशी हाडं हलतात, ती सोडून द्या.) घोड्याच्या नालासारखं वळलेलं हे हाड दोन्ही टोकांनी, दोन कानांपुढे, कवटीच्या खोबणीत बसलेलं असतं. हाड एक आणि सांधे दोन, म्हणून एकट्यानं हलायची सोय नाही. एका जुवाला जुंपलेल्या बैलजोडीसारखं आहे ते. उजवा बैल लंगडायला लागला की डाव्यालाही त्याच्या चालीनं चालावं लागतं.

गुडघा किंवा कोपर दारासारखं उघडतं, मिटतं. जबड्याचं तसं नाही. तोंड उघडताना सुरुवातीचे दोन-अडीच सेंटिमीटर जबडा बिजागरीसारखा जागच्या जागी फिरतो. त्यापुढे उघडायचं असेल तर तो खोबणीतून पुढे घसरतो, टेबलाचा खण ओढावा तसा, आणि खोबणीपुढच्या एका छोट्या उंचवट्याशी जाऊन थांबतो. ही दुहेरी करामत साधते ती मधल्या एका चकतीमुळे. दोन हाडांच्या मधे ही चिवट चकती असते, मधोमध पातळ, कडेला जाड. तिच्यामुळे एका सांध्याचे दोन मजले होतात. खालच्या मजल्यावर फिरणं, वरच्या मजल्यावर सरकणं. जबडा पुढे गेला की चकतीही त्याच्याबरोबर पुढे जाते, मागे आला की मागे येते. निदान यावी अशी अपेक्षा असते. उदगीरच्या मैत्रिणीची कट्कट् इथूनच निघते, पण तिकडे मी जरा थांबून येते.

आपल्या मराठवाड्यात जनावरांची दोन नावाजलेली वाणं आहेत, कंधारची लाल कंधारी आणि लातूरकडची देवणी. दावणीला बसलेली कुठलीही गाय रवंथ करताना समोरून बघा. तिचा खालचा जबडा वरखाली कमी आणि आडवा जास्त फिरतो. एका बाजूला जातो, वर येतो, दाढांवरून घासत मधे येतो. गाईला वरच्या जबड्यात पुढचे दात नसतातच, तिथे नुसती कडक हिरडी असते. जिभेनं गवत ओढायचं आणि मागच्या दाढांनी दळायचं, हा तिचा खाक्या. दिवसातले सहा-आठ तास ती हेच करते. तिच्या सांध्याची खोबण सपाट असते, म्हणून हे आडवं फिरणं तिला जमतं. उलट मांजराकडे बघा. मांजर घास घोळवत बसत नाही, कातरतं आणि गिळतं. त्याचा सांधा खोल, घट्ट बिजागरीसारखा. आडवा हलायला वावच नाही. माणूस या दोघांच्या मधला. आपण पटाशीच्या दातांनी तोडतो, सुळ्यांनी फाडतो आणि दाढांनी दळतो. गाजराचा तुकडाही आपल्याला चालतो, ज्वारीची भाकरीही चालते, आणि हुरड्याचे दिवस आले की कोवळ्या दाण्यांचं तर विचारूच नका.

दाढांना जातं म्हणायची आपली जुनी रीत आहे. फरक इतकाच की जात्यात वरचा दगड फिरतो आणि खालचा स्थिर असतो, तोंडात वरचा स्थिर आणि खालचा फिरतो. आणखी एक फरक आहे, तो जास्त महत्त्वाचा. जातं गुळगुळीत झालं की टाकी लावणाऱ्या बायका दारावर यायच्या आणि चार पैशांत जातं पुन्हा खरखरीत करून द्यायच्या. दाढेला ती सोय नाही. दाताचं वरचं पांढरं कवच हा शरीरातला सगळ्यात कठीण पदार्थ, पण एकदा झिजलं की ते पुन्हा येत नाही. सुपारी फोडायला, सेफ्टी पिन उघडायला, दोरा तोडायला, दुधाची पिशवी फाडायला आपण दात वापरतो ना, त्याचा हिशेब तिथे कायमचा लिहिला जातो.

जातं ओढायला जोर लागतो. तो देणारे मुख्य स्नायू प्रत्येक बाजूला चार. दात गच्च दाबून गालाच्या मागच्या कोपऱ्यावर हात ठेवा, टणक गोळा वर येतो, तो पहिला. तसाच हात कानशिलावर ठेवा, तिथेही हालचाल कळते, तो दुसरा, पंख्यासारखा पसरलेला. जबड्याच्या समस्येचं डोकेदुखीशी नातं का असतं ते इथे समजतं. कपाळाची बाजू ठणकते तेव्हा दोष डोक्याचा नसून दिवसभर आवळलेल्या जबड्याचा असू शकतो. उरलेले दोन आत लपलेले. त्यांतला एक तोंड मिटायला मदत करतो आणि दुसरा जबडा पुढे ओढून तोंड उघडायला. म्हणजे मिटायला तीन बलदंड गडी, उघडायला हलकीच माणसं. सगळे मिळून जोर लावून चावलं, तर दाढांवर चाळीस-पन्नास किलोंचा दाब सहज पडतो. बाजारातला ज्वारीचा कट्टा डोळ्यांपुढे आणा. अर्थात रोजच्या घासाला एवढा जोर लागत नाही.

जीभ आणि गाल यांचं श्रेय कुणी देत नाही, म्हणून मी देते. जात्याच्या तोंडात मूठमूठ दाणे घालणारी बाई नसेल तर जातं नुसतंच फिरेल. तोंडात ते काम जीभ आतून आणि गाल बाहेरून करतात. दाढांवरून निसटलेला घास ते पुन्हापुन्हा दाढांमधे ढकलतात, आणि गंमत अशी की जीभ स्वतः क्वचितच सापडते. त्यात लाळ मिसळते, दिवसाला अर्धा ते दीड लिटर. नुसती ज्वारीची भाकरी कोरड्यासाशिवाय सावकाश चावत राहा, थोड्या वेळानं गोडसर लागते. लाळेनं पिठूळ अंशाची साखर करायला घेतलेली असते, त्याची ती चव.

एक घास बत्तीस वेळा चावावा असं आपल्याकडचे आजोबा सांगत. अमेरिकेत शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी होरेस फ्लेचर नावाच्या गृहस्थानं तर घासाचं पार पाणी होईपर्यंत चावा असा धोशा लावला होता आणि मोठमोठी माणसं त्याच्या नादी लागली होती. मला विचाराल तर मोजत जेवण्याइतकं कंटाळवाणं काही नाही. घास गिळताना बोचला नाही, पाण्याच्या घोटानं ढकलावा लागला नाही, म्हणजे पुरे चावला. सगळ्यांना वाढून झाल्यावर उभ्याउभ्या पाच मिनिटांत जेवण उरकणाऱ्या बायकांनी मात्र एवढं तरी जरूर पाहावं.

आता कट्कट्. वर सांगितलेली चकती कधीकधी आपल्या जागेवरून पुढे सरकून बसते. तोंड उघडताना जबड्याची गोटी तिच्यावर चढते, तेव्हा कट् वाजतं. मिटताना उतरते, तेव्हा पुन्हा एकदा. नुसता आवाज असेल, दुखत नसेल, तोंड पूर्ण उघडत असेल, तर बहुतेक वेळा काहीच करावं लागत नाही. कितीतरी जणांचा जबडा असा वाजतो आणि आयुष्यभर बिनतक्रार काम करतो. पण आवाजाबरोबर दुखणं असेल, किंवा पूर्वी वाजणारा जबडा एके दिवशी वाजायचा थांबला आणि तोंड अर्धंच उघडायला लागलं, तर चकती पुढे अडकून बसलेली असू शकते. मग दातांच्या डॉक्टरांना दाखवायला हवं. कानात तेल घालून काही होणार नाही, उलट कानाचा पडदा फाटलेला असेल तर अपाय व्हायचा. सांधा कानाला इतका लागून आहे की दुखणं कानातच आहे असं वाटतं, म्हणून कानाचे डॉक्टर आधी झाले हे ठीकच.

त्या मैत्रिणीच्या पत्रातलं मला महत्त्वाचं वाटलं ते दुसरंच वाक्य, सकाळी गाल आखडतात ते. याचा अर्थ रात्री झोपेत दात खाल्ले जात असावेत, किंवा गच्च आवळून धरले जात असावेत. हे वाचताना तुमचे दात एकमेकांना टेकलेले आहेत का, बघा बरं. टेकलेले नसावेत. विसाव्याच्या वेळी ओठ मिटलेले, जीभ टाळूला हलकेच लागलेली आणि वरच्या-खालच्या दातांत दोन-तीन मिलिमीटर फट, ही जबड्याची खरी आरामाची बैठक. दिवसभरात चावताना-गिळताना दात टेकतात तो वेळ फार थोडा असायला हवा. ज्यांचे दात कायम भिडलेले असतात, त्यांचे ते तीन बलदंड गडी चोवीस तास कामावर असतात. मग ते दुखले तर नवल काय?

सांध्याचं हे दुखणं पुरुषांपेक्षा बायकांत जास्त दिसतं, आणि तेही विशी ते चाळिशीच्या वयात. कारण एकच एक सांगता येत नाही. शरीराची घडण असते, झोप अपुरी असते, मनावरचा ताण असतो. आपल्या भाषेला हे आधीपासून ठाऊक आहे. राग आला की माणूस दातओठ खातो. आणि ज्या बाईला राग दाखवायची सोय नाही, तिचं 'तोंड दाबून बुक्क्यांचा मार'. जबडा आवळून गप्प राहायचं आपल्याला फार लहानपणी शिकवतात. उदगीरच्या मैत्रिणीला मी खाजगी काही विचारत नाही. एवढंच सुचवते की गाल कोणत्या दिवसांत जास्त आखडतात ते तिनं महिनाभर कॅलेंडरवर खूण करून पाहावं.

बाकी उपाय साधे आहेत. आठ-पंधरा दिवस मऊ जेवण. गरम पाण्यात पिळलेल्या फडक्यानं दोन्ही गाल दिवसातून दोन-तीन वेळा पंधरा मिनिटं शेकणं. जांभई येताना हनुवटीखाली मूठ धरणं, म्हणजे तोंड फार वासत नाही. हनुवटीला तळहात टेकवून तासन् तास बसायचं नाही, च्युइंगगम नाही, खारे दाणे-फुटाणे काही दिवस बंद. स्वयंपाकघरात ओट्यापाशी, देवघरात, आरशावर एकेक टिकली लावून ठेवा. टिकली दिसली की दात सुटे करायचे. ही युक्ती मला एका मैत्रिणीनं सांगितली आणि ती फुकट आहे. दुखणं तरी राहिलंच तर रात्री दातांवर बसवायचं प्लास्टिकचं आवरण दातांचे डॉक्टर करून देतात.

एका बाजूनंच जेवायची सवय असलेल्या भगिनी तर घरोघर आहेत. दाढ किडते, दुखते, काढून टाकली जाते आणि तिच्या जागी नवी बसवणं 'पुढच्या दिवाळीनंतर' वर जातं. मग उरलेल्या बाजूवर सगळा संसार. उजवीकडे चावताना डावीकडचा सांधा पुढे सरकून भार घेतो. म्हणजे दात एका बाजूचे झिजतात आणि सांधा दुसऱ्या बाजूचाही शिणतो. मुलाच्या मोटारसायकलचा हप्ता भरला जातो आणि आईची दाढ राहून जाते, याला मी काटकसर म्हणणार नाही.

जांभई देताना आ वासलेलं तोंड तसंच राहिलं, मिटेचना, असंही कधीकधी होतं. गोटी त्या उंचवट्याच्या पुढे निसटते आणि स्नायू आवळल्यामुळे मागे येऊ शकत नाही. बघणारे घाबरतात, कुणी भूतबाधा म्हणतं, कुणी थोबाडीत मारायला सांगतं. असलं काही करू नका. हनुवटीला रुमालाचा आधार द्या आणि दवाखान्यात न्या. डॉक्टर अंगठ्यांना कापड गुंडाळून खालच्या दाढांवर ठेवतात, जबडा आधी खाली दाबतात आणि मग मागे ढकलतात. कापड एवढ्यासाठी की जबडा बसला की तोंड फटकन मिटतं. ही रीत ग्रीकांच्या हिपोक्रेटिसच्या ग्रंथांत आहे. आपल्या सुश्रुतसंहितेतही निसटलेला हनुसंधी शेक देऊन जागेवर बसवावा आणि मग पंचांगी नावाची पट्टी बांधावी असं सांगितलं आहे. हनु म्हणजे जबडा, हनुवटी. हनुमान हे नावही त्यावरूनच.

एक इशारा धावता देते. शेतात, अंगणात कुठे खिळा-काटा लागून जखम झाली असेल आणि काही दिवसांनी जबडा आखडायला लागला, तर ती धनुर्वाताची दातखिळी असू शकते. त्याला शेक नाही, तेल नाही, थेट मोठा दवाखाना. गरोदरपणात मिळणारी धनुर्वाताची सुई चुकवू नका. त्या सुईमुळे आणि दवाखान्यातल्या बाळंतपणांमुळे बाळंतिणीचा आणि नवजात बाळाचा धनुर्वात देशात इतका कमी झाला की २०१५ साली जागतिक आरोग्य संघटनेनं तसं मान्य केलं.

आता लोह्याच्या माउलीकडे येते. बाई, तुमच्या पत्रात 'तिखट चालंना' हे पहिलं वाक्य आहे आणि 'तोंड उघडना' हे नंतरचं. तो क्रमच सगळं सांगतो. सांधा बिघडला तर कानापुढे दुखतं, आवाज येतो, पण मिरचीनं तोंडाची आग होत नाही. तुमच्या लेकाचं दुखणं सांध्यात नसून गालाच्या आतल्या अस्तरात असावं. दाराच्या बिजागऱ्या उत्तम, पण दारावरचा पडदाच चौकटीला खिळ्यांनी ठोकलेला, मग दार उघडणार कसं? बिजागरीला चार महिने तेल दिलं तरी फरक पडायचा नाही.

हे दुखणं सुपारीचं आहे. गुटखा, मावा, खर्रा, पानमसाला, सुगंधी सुपारीच्या पुड्या, नाव काहीही असो. सुपारीतल्या द्रव्यांमुळे गालाच्या अस्तराखाली तंतू वाढत जातात आणि ते नेहमीसारखे विरघळत नाहीत. मऊ सुती कापडाला खळ घालून घालून त्याचा पुठ्ठा व्हावा तसं होतं. आधी तिखटानं आग होते, फोड येतात. मग आतला गुलाबी रंग जाऊन पांढुरकं दिसायला लागतं. बोट फिरवलं तर दोरीसारखे ताठ पट्टे लागतात. फुगा फुगवता येत नाही, शिट्टी वाजवता येत नाही, जीभ पुरती बाहेर येत नाही. शेवटी दोन बोटं, मग एकच बोट जाईल एवढंच तोंड उघडतं.

या दुखण्याची नोंद १९५२ साली श्वार्ट्झ नावाच्या डॉक्टरांनी केली ती कुणाची होती, ठाऊक आहे? केनियात राहणाऱ्या पाच भारतीय बायकांची. पुढच्याच वर्षी, १९५३ मध्ये, मुंबईच्या डॉ. जोशींनी ते आपल्या देशातल्या रोग्यांत दाखवलं. तेव्हा गुटख्याच्या पुड्या कुठे होत्या! म्हणून 'मी तंबाखू खात नाही, नुसती सुपारी खाते' म्हणणाऱ्या भगिनींनी हे नीट वाचावं. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं २००४ साली तंबाखू नसलेल्या नुसत्या सुपारीलाही कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या यादीत घातलं. हे तोंड आखडणं ज्यांना होतं, त्यांच्यातल्या काहींना पुढे तोंडाचा कर्करोग होतो. भीती घालायची म्हणून मी हे लिहीत नाही, पण सतरा वर्षांच्या मुलाच्या आईपासून लपवावं असंही मला वाटत नाही.

महाराष्ट्रात २०१२ पासून गुटखा-पानमसाल्याच्या विक्रीला बंदी आहे. बंदी कागदावर कशी असते आणि टपरीवर कशी असते, हे नांदेडच्या किंवा लातूरच्या कुठल्याही बाईला मी सांगायला नको. क्लासच्या पोरांना रात्री जागायचं असतं, घरचं कुणी जवळ नसतं, खोलीवरच्या मित्राजवळ पुडी असते. तुमच्या लेकाचे खिसे तपासायच्या आधी त्याच्याशी बोला. रागावलात तर तो तोंड आणखीनच मिटून घेईल. घरात वडील किंवा काका पुडी खात असतील तर बोलणं त्यांच्यापासून सुरू करावं लागेल, आणि ते जास्त अवघड आहे, हे मला कळतं.

त्याला दातांच्या डॉक्टरांकडे याच आठवड्यात न्या. लातूरला दंत महाविद्यालय आहे, नांदेडलाही ग्रामीण दंत महाविद्यालय आहे. पुडी बंद केली तर दुखणं बहुधा तिथेच थांबतं. आखडलेलं सगळं पूर्ववत होईल असं कुणी सांगत असेल तर विश्वास ठेवू नका, पण व्यायामानं आणि गालात देण्याच्या इंजेक्शनांनी तोंड पुष्कळ मोकळं होऊ शकतं. फारच आखडलं तर शस्त्रक्रिया करतात. व्यायाम म्हणजे आइस्क्रीमच्या लाकडी काड्या एकावर एक रचून दातांत धरायच्या आणि काही दिवसांनी एकेक वाढवायची. किती काड्यांनी सुरुवात करायची ते मात्र डॉक्टरांनी ठरवू दे. घरच्या घरी जोर लावू नका.

आणि आता सगळ्यांसाठी. घरातल्या प्रत्येकाला, नवऱ्यापासून सासूबाईंपर्यंत, एकदा ही परीक्षा घ्यायला लावा. स्वतःच्याच हाताची मधली तीन बोटं एकत्र करून उभी धरायची आणि पुढच्या वरच्या-खालच्या दातांमध्ये घालायची. मोठ्या माणसाचं तोंड साधारण चार ते पाच सेंटिमीटर उघडतं, म्हणजे तीन बोटं मावायला हवीत. अडीच मावली आणि जोडीला तिखटाची आग असेल तर वाट बघू नका. मिश्री लावणाऱ्या आजी-मावश्यांच्या हिरड्या आणि गाल आतून उजेडात बघून घ्या. मिश्री म्हणजे भाजलेला तंबाखूच, दंतमंजन नव्हे. पांढरा किंवा लाल डाग, पंधरा दिवसांत न भरलेला फोड दिसला तर दाखवून आणा.

हळदीकुंकवाला, लग्नाला पानसुपारीशिवाय आपलं पान हलत नाही. पूजेतल्या सुपारीबद्दल माझं काही म्हणणं नाही, तिथला गणपती तिथेच राहू दे. पण तबकात कातरलेली सुपारी ठेवायचं मी गेल्या काही वर्षांपासून बंद केलंय. बडीशेप, धनाडाळ, भाजलेली जवस-तीळ आणि चिमूटभर ओवा असं ठेवते. दोघी-तिघींनी नाकं मुरडली. बाकीच्यांनी कृती विचारून घेतली.

दोन्ही मैत्रिणींनी जेवणाचं विचारलंय. जबडा दुखत असताना नुसता चहा-बिस्किटांवर राहू नका, त्यानं ताकद जाते. ज्वारीच्या कण्या ताकात शिजवून, आंबील, मुगाची पातळ खिचडी वर तूप घालून, लातूरच्या तुरीचं घोटलेलं वरण, उकडून कुस्करलेली भाजी, मऊ अंडं चालत असेल तर अंडं. लेकराला तिखटाऐवजी जिरं, धने, किंचित आमसूल यांची चव द्या. शेंगदाण्याची आमटी करायची तर कूट अगदी बारीक हवं, लाल मिरचीशिवाय. भाकरी सोडवत नसेल तर पीठ कढत पाण्यात भिजवून मळा, पातळ थापा, तव्यावरून उतरताच फडक्यात गुंडाळून ठेवा आणि गरम वरणात कुस्करून पाच मिनिटं झाकून ठेवा. तेवढ्यात ती इतकी मऊ होते की चमच्यानं खाता येते.